कॅम्पच्या बातम्या वाचून क्वार्टरबॅक कोण होणार हे कसं ओळखायचं

जुलै संपता संपता एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, ३२ टीम्सचे ट्रेनिंग कॅम्प चालू होतात आणि क्वार्टरबॅकचे, म्हणजे पास टाकून टीमचा खेळ चालवणाऱ्याचे, आकडे लगेच यायला लागतात. समजा बातमी आली की अमक्याने आज १८ पैकी १४ पास पूर्ण केले आणि तमक्याने १६ पैकी ९, वर एक इंटरसेप्शन (पास समोरच्या टीमने पकडला), की झालं, लोक अमक्याला हार घालून मोकळे. दुसऱ्या दिवशी आकडे उलटे येतात, मग हार काढून दुसऱ्याच्या गळ्यात. हे महिनाभर चालतं आणि ऑगस्टच्या शेवटी कोच भलत्याच कारणाने भलत्याचंच नाव जाहीर करतो.

माझं म्हणणं साधं आहे, कॅम्पच्या रिपोर्टमध्ये पास मोजायचे नाहीत, संधी मोजायच्या. कोणाला, कुणाबरोबर, कुठल्या परिस्थितीत, किती वेळा उभं केलं, हे कोचच्या डोक्यात काय चाललंय ते सांगतं. पास पूर्ण झाला की नाही हे बरेचदा रिसीव्हरच्या, म्हणजे पास पकडणाऱ्याच्या, हातावर आणि वाऱ्यावर असतं. खाली जे लिहितोय ते अमेरिकेत राहून आपली टीम फॉलो करणाऱ्यांसाठी आहे तसंच पुण्या-मुंबईत बसून तिकडच्या मित्रांबरोबर फँटसी लीग (खऱ्या खेळाडूंची कागदी टीम करून त्यांच्या आकड्यांवर खेळायचा खेळ) खेळणाऱ्यांसाठीही. इंडियात असाल तर एक सोय आहे, ईस्टर्न टाइमनुसार सकाळी १० ची प्रॅक्टिस म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, त्यामुळे जेवणं आटपेपर्यंत पहिले रिपोर्ट आलेले असतात. वेस्ट कोस्टच्या टीम्ससाठी मात्र जागावं लागतं किंवा सकाळी उठून वाचायचं.

आधी कॅलेंडर डोक्यात बसवा

मे-जूनमध्ये जी प्रॅक्टिस होते तिला ओटीए म्हणतात, त्यात पॅड्स (अंगावरच्या संरक्षक गाद्या) नाहीत, टॅकल नाही, निम्मे लोक शॉर्ट्समध्ये पळतात. तिथल्या पासांना शून्य किंमत द्या. एकच गोष्ट टिपून ठेवायची, पहिल्या दिवशी फर्स्ट टीमसोबत, म्हणजे मुख्य खेळाडूंच्या संचासोबत, कोण उभं होतं. ती तुमची सुरुवातीची रेघ, पुढे त्यात बदल झाला तर तो बदल ही खरी बातमी.

कॅम्पचे पहिले काही दिवससुद्धा बिनपॅडचेच असतात. लेबर अ‍ॅग्रीमेंटनुसार आख्ख्या प्रीसीझनमध्ये पॅड घालून जास्तीत जास्त १६ प्रॅक्टिस करता येतात, म्हणजे ज्या प्रॅक्टिसवरून काही कळतं त्या मुळातच मोजक्या. मग प्रीसीझनच्या मॅचेस, २०२१ पासून बहुतेक टीम्सना तीनच, त्याआधी चार असायच्या. ऑगस्टच्या शेवटी टीममधल्या ९० जणांचे ५३ करावे लागतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सीझन सुरू.

आता स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा क्वार्टरबॅक, कोण याचे निर्णय कधी होतात ते बघा. सिएटलचा रसेल विल्सन २६ ऑगस्ट २०१२, डेन्व्हरचा टेडी ब्रिजवॉटर २५ ऑगस्ट २०२१, कॅरोलायनाचा बेकर मेफिल्ड २२ ऑगस्ट २०२२, पुढच्या वर्षी त्याच तारखेला टॅम्पाचाही मेफिल्डच, डेन्व्हरचा बो निक्स २१ ऑगस्ट २०२४, इंडियानापोलिसचा डॅनियल जोन्स १९ ऑगस्ट २०२५, क्लीव्हलँडचा जो फ्लॅको त्याच्या आदल्या दिवशी. सगळं १८ ते २८ ऑगस्टच्या दरम्यान. म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यातल्या रिपोर्टवर भांडायचं नाही, ८ ऑगस्टपासून पुढचे दहा-बारा दिवस नीट वाचायचे.

कॅम्प सुरू व्हायच्या आधीच एक पान लिहून काढा

यात मैदानावरचं काहीच नसतं. कोण कितव्या नंबरला ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची टीम्सनी पाळीपाळीने केलेली निवड) झाला, कोणाला किती पैसे दिलेत, किती वर्षांसाठी, कोच नवीन आहे की त्याचीच खुर्ची हलतीये, आणि या क्वार्टरबॅकला आणलं कोणी, याच कोचने की आधीच्याने. इंडियानापोलिसचंच उदाहरण घ्या, कारण मला गेल्या काही वर्षांतली ही सगळ्यात सरळ स्पर्धा वाटते. अँथनी रिचर्डसन २०२३ ला चौथ्या नंबरवर घेतलेला, अंगात ताकद आणि वेग असा की बघत राहावं, पण २०२४ मध्ये त्याचे फक्त ४७.७ टक्के पास पूर्ण झाले. मग २०२५ ला टीमने डॅनियल जोन्सला एका वर्षासाठी १.४ कोटी डॉलर देऊन आणलं. आता एवढे पैसे कोणी बेंचवर बसवायला देत नाही, आणि एकाच वर्षाचा करार म्हणजे जन्माची गाठही नाही. एवढ्यावरूनच कळतं की ही स्पर्धा खरी आहे, देखाव्याची नाही.

कारण देखाव्याच्या स्पर्धा पण असतात आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतला रूकी (पहिल्याच वर्षीचा खेळाडू) असतो, पुढेमागे टीम त्याचीच होणार हे सगळ्यांना माहीत असतं, पण लाइन (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) कच्ची आहे म्हणून एखाद्या जुन्या खेळाडूला आधी मार खायला पाठवतात. २०२४ च्या न्यू इंग्लंडमध्ये तर कमालच झाली. ड्रेक मे तिसऱ्या नंबरवर घेतलेला, समोर जॅकोबी ब्रिसेट, आणि कोच जेरॉड मेयो ऑगस्टच्या शेवटी रेडिओवर चक्क म्हणाला की आत्ताच्या घडीला ड्रेक जॅकोबीपेक्षा चांगला खेळलाय. दोन-तीन दिवसांनी स्टार्टर कोण? ब्रिसेट. सहाव्या आठवड्यात मे आला. ज्यांनी नुसते पास मोजले होते त्यांचं गणित बरोबर होतं आणि उत्तर चुकलं, कारण प्रश्नच वेगळा होता.

आणि पैशावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका हे सांगायला २०१२ चं सिएटल आहेच. मॅट फ्लिनला तीन वर्षांचा दणदणीत करार दिलेला, कारण आदल्या सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये ग्रीन बेकडून त्याने ४८० यार्ड आणि सहा टचडाउन मारले होते. सोबत आधीच्या वर्षीचा स्टार्टर टार्व्हॅरिस जॅक्सन. आणि तिसरा एक बुटका रूकी, तिसऱ्या फेरीत ७५ व्या नंबरवर घेतलेला रसेल विल्सन. जिंकला तो बुटका. पण इथेही जे रेप्स, म्हणजे मैदानावर मिळालेल्या संधी, मोजत होते त्यांना चाहूल आधी लागली, त्यावर खाली येतोच.

कोणाचे रिपोर्ट वाचायचे

प्रत्येक टीममागे तीन-चार स्थानिक पत्रकार असतात जे रोज हजर असतात, ते धरा. नॅशनल टीव्हीवाले एका दिवसासाठी येतात, एक लांब पास बघतात, त्याची क्लिप टाकतात आणि दुसऱ्या गावाला जातात, त्यांचं फक्त मनोरंजन म्हणून बघा. टीमच्या स्वतःच्या वेबसाइटवर सगळे सगळं छान करत असतात, तिथून फक्त कोण प्रॅक्टिसला हजर होता आणि कोण नव्हता एवढं घ्या.

किमान दोन पत्रकारांचे आकडे शेजारी ठेवा. ते कधीच जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत हेच शिकण्यासारखं आहे. कॅम्पमध्ये क्वार्टरबॅकला हात लावायचा नसतो, तो वेगळ्या रंगाची, बहुतेक ठिकाणी लाल जर्सी घालतो. डिफेन्सचा गडी त्याच्यापर्यंत पोचला तरी बाजूने निघून जातो आणि क्वार्टरबॅक निवांत पास टाकतो. एक पत्रकार तो पास पूर्ण म्हणून लिहितो, दुसरा लिहितो की मॅचमध्ये हा सॅक असता, म्हणजे पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडलं असतं. मला दुसरा पत्रकार आवडतो. जो सॅक वेगळे मोजतो, ड्रॉप (रिसीव्हरच्या हातून सुटलेले पास) वेगळे मोजतो आणि समोर डिफेन्सची कुठली फळी होती ते लिहितो, तोच तुमचा माणूस. काही टीम्स पत्रकारांना ट्रिक प्ले वगैरे लिहू देत नाहीत, त्यामुळे सगळं बाहेर येतं असंही समजू नका.

वहीत काय लिहायचं

साधी वही नाहीतर एक्सेल शीट. तारीख, मग प्रत्येक क्वार्टरबॅकसाठी: फर्स्ट टीमसोबत किती रेप्स, सेकंडसोबत किती, कुठल्या ड्रिलमध्ये, समोर कोण, आणि शेवटी एका ओळीत काय झालं. रेप म्हणजे एक प्ले (चाल) चालवायची संधी, बस. पास पूर्ण झाल्याचा कॉलम ठेवायचाच असेल तर सगळ्यात शेवटी ठेवा.

ड्रिल कुठलं होतं हे लिहिल्याशिवाय बाकी सगळं फुकट आहे. सेव्हन-ऑन-सेव्हनमध्ये दोन्हीकडचे लाइनमन नसतात, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणारं कोणीच नाही. बोलर नसताना मशीनसमोर नेटमध्ये बॅटिंग केल्यासारखं आहे ते, तिथे वाईट खेळला तर काळजी करा, चांगला खेळला तर काहीच समजू नका. इलेव्हन-ऑन-इलेव्हन म्हणजे पूर्ण टीम, खरी बातमी तिथे सुरू होते. त्यातही कोचने आधीच ठरवून दिलेल्या प्लेंची प्रॅक्टिस वेगळी आणि ‘आता ५५ सेकंद उरलेत, तीन पॉइंटनी मागे आहात, चला’ असं सांगून सोडून दिलेली वेगळी. ही दुसरी, जिला टू-मिनिट म्हणतात, ती माझ्या मते आख्ख्या कॅम्पमधली सगळ्यात महत्त्वाची पंधरा मिनिटं, कारण तिथे क्वार्टरबॅकला स्वतः घड्याळ बघायचं असतं, टीमला लाइनवर आणायचं असतं, आणि मूर्खपणा केला तर झाकायला जागा नसते.

रेड झोनचं वेगळं खातं ठेवा. गोललाइनजवळ मैदान आखूड होतं, डिफेन्सला मागे धावायचं नसतं, त्यामुळे सगळ्यांचेच आकडे पडतात. पिट्सबर्गचा कोच माइक टॉमलिन तर प्रॅक्टिसची सुरुवातच सेव्हन शॉट्सने करायचा, दोन यार्डच्या रेषेवरून सात प्ले, ऑफेन्स विरुद्ध डिफेन्स, आणि लॅट्रोबच्या सेंट व्हिन्सेंट कॉलेजच्या मैदानावर पब्लिक त्याचा स्कोअर ओरडून सांगायचं. मजा येते वाचायला. पण सातमधले तीन जिंकले की चार यावरून क्वार्टरबॅक ठरत नाही, कोणाला फर्स्ट टीमबरोबर त्या सातमधले किती मिळाले हे लिहून ठेवा.

इंटरसेप्शनचं पण तसंच. रिसीव्हरच्या हाताला लागून उडालेला बॉल वेगळा, आणि लाइनबॅकर (डिफेन्सच्या मधल्या फळीतला खेळाडू) दिसलाच नाही म्हणून सरळ त्याच्या छातीवर मारलेला वेगळा. कॅम्पमध्ये कोच लोक मुद्दाम सांगतात की अवघड खिडक्यांत बॉल टाकून बघा, इथे चुकलात तर चालेल. म्हणून एक इंटरसेप्शन लिहा आणि विसरा. तीच चूक आठवड्याने परत दिसली, तसाच मधला डिफेंडर परत दिसला नाही, तर लाल पेनने गोल करा.

रेप्सची वाटणी, इथेच सगळं कळतं

खऱ्या स्पर्धेत कोच एक दिवसाआड फर्स्ट टीम देतो, आज हा, उद्या तो. किंवा एकाच दिवसात अर्धे-अर्धे. ही वाटणी पहिल्या चार दिवसांत समजून घ्या आणि मग ती कधी मोडते त्याची वाट बघा. ज्या दिवशी याची पाळी असताना परत त्यालाच पाठवलं, किंवा पाळी बरोबर होती पण टू-मिनिटला तोच गेला, त्या दिवशी पेन उचला.

२०१२ च्या सिएटलमध्ये कोच पीट कॅरोलने आधी तिघांत वाटणी केली, मग जॅक्सन हळूहळू बाहेर गेला, ऑगस्टच्या शेवटी त्याला बफेलोला पाठवून दिलं. पहिल्या दोन प्रीसीझन मॅच फ्लिनने सुरू केल्या. तिसरी कॅन्सस सिटीला, ती मात्र विल्सनला दिली, फ्लिनचं कोपर दुखत होतं, आणि सिएटलने ती ४४-१४ ने मारली. त्या काळी तिसरी मॅच म्हणजे रंगीत तालीम मानायचे, त्यामुळे ती कोणाच्या हातात गेली हीच मोठी बातमी होती. नाव जाहीर व्हायच्या आधी ज्याच्या वहीत तिनाचे दोन झालेले दिसत होते त्याला धक्का बसला नसणार.

याच्या उलट २०२५ चं क्लीव्हलँड. एका खोलीत चार जण, जो फ्लॅको, केनी पिकेट, तिसऱ्या फेरीतला डिलन गेब्रियल आणि पाचव्या फेरीतला शडूर सँडर्स, ज्याच्या मागे सगळा मीडिया. फर्स्ट टीमसोबत सँडर्सच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नव्हतं, पण रोज दहा बातम्या त्याच्या. मग पिकेट आणि गेब्रियल दोघांच्या मांडीचे स्नायू दुखावले म्हणून पहिली प्रीसीझन मॅच सँडर्सने सुरू केली, कॅरोलायनाविरुद्ध २३ पैकी १४ पास, १३८ यार्ड, दोन टचडाउन. बघायला खरंच छान खेळला. सोशल मीडियावर तर तोच स्टार्टर झाला. दहा दिवसांनी कोच स्टेफान्स्कीने फ्लॅकोचं नाव सांगितलं आणि कोणी रेप्स मोजत असेल त्याला त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या प्रीसीझन मॅचच्या आधी एक डेप्थ चार्ट (कोण पहिला, कोण दुसरा याची यादी) येतो, त्यावर अनऑफिशियल असं लिहिलेलं असतं. तो पीआरवाल्यांनी बनवलेला असतो, त्यात बरेचदा जुन्या खेळाडूंची नावं मानाने वर टाकतात. वाचा, पुढे जा.

पास सोडून बाकी सगळं

कोच लोक ज्याला ऑपरेशन म्हणतात ते रिपोर्टमध्ये दोन शब्दांत येतं आणि आपण ते सोडून देतो. हडलमधून (प्लेआधी जमलेला टीमचा घोळका) वेळेत बाहेर येणं, समोरचा डिफेन्स बघून प्ले बदलणं, लाइनमनना सांगणं की धोका डावीकडून येतोय, स्नॅप (प्ले सुरू करताना मागे दिलेला बॉल) हातातून न निसटणं, प्ले क्लॉक (प्ले सुरू करायची मुदत) न संपवणं. डॅनियल जोन्सची निवड झाली तेव्हा कोच शेन स्टायकेनने जे कारण दिलं त्यात मुख्य भर सातत्यावर आणि लाइनवर उभं राहून करायच्या या असल्या कामांवर होता. रिचर्डसनचा हात जोन्सपेक्षा कितीतरी दमदार, त्यावर कोणाचं दुमत नव्हतं, पण विषय तो नव्हताच.

म्हणून रिपोर्टमध्ये अशी वाक्यं शोधा: ‘स्नॅप खाली पडला’, ‘फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधीच हलणं) झाला आणि कोचने अख्खी फर्स्ट टीम बाहेर काढली’, ‘प्ले परत लावावा लागला’, ‘क्वार्टरबॅकने रिसीव्हरला हाताने जागा दाखवली’. अशी वाक्यं एकाच्या नावापुढे जमत गेली तर त्याने लांब पास कितीही मारू देत, कोचची झोप उडालेली असते.

इथे कोच कुठल्या घराण्यातला आहे तेही बघा. २०२१ च्या डेन्व्हरमध्ये ड्रू लॉकचा लांबचा पास जास्त देखणा होता, टेडी ब्रिजवॉटर सांभाळून खेळणारा. हेड कोच विक फँजिओ, आयुष्य डिफेन्समध्ये गेलेलं. असा माणूस काय मागणार? बॉल हरवू नका, बाकीचं माझा डिफेन्स बघेल. ब्रिजवॉटरला नोकरी मिळाली. ते शहाणपणाचं होतं असं मी म्हणत नाही, टीम ७-१० वर संपली आणि फँजिओ गेला, पण ओळखायला सोपं होतं.

दुखापत आणि गैरहजेरी, यावर जरा जास्त लिहितो

लोक याला नशीब म्हणून सोडून देतात. मला तर उलट वाटतं, गेल्या काही वर्षांतल्या अर्ध्याअधिक स्पर्धांना वळण इथेच लागलं. रेप्स मर्यादित असतात, एक जण चार दिवस नसला की ते सगळे दुसऱ्याला जातात आणि परत येत नाहीत, कोच नंतर भरपाई करत बसत नाही कारण त्याला सीझनची तयारी करायची असते.

२०२१ ला न्यू इंग्लंडचा कॅम न्यूटन स्टार्टर होता, ऑगस्टच्या शेवटी कोविड टेस्टच्या नियमांच्या गोंधळात काही दिवस प्रॅक्टिसला येऊ शकला नाही, ते सगळे रेप्स रूकी मॅक जोन्सला मिळाले, ३१ ऑगस्टला न्यूटनला टीममधूनच काढलं. जोन्स आधीपासूनच चांगलं करत होता हे खरं, पण त्या दिवसांनी काम सोपं केलं. २०२२ ला सिएटलमध्ये ड्रू लॉक, हो तोच, दुसरी प्रीसीझन मॅच सुरू करणार होता, त्याला दोन दिवस आधी कोविड झाला. शेवटच्या मॅचमध्ये त्याने तीन इंटरसेप्शन टाकले आणि जीनो स्मिथला जागा मिळाली. त्या सीझनला स्मिथने लीगमध्ये सगळ्यात जास्त, ६९.८ टक्के पास पूर्ण केले. रिचर्डसनचं बोट पहिल्याच प्रीसीझन मॅचमध्ये बाल्टिमोरला निखळलं. पिकेटचं वर सांगितलंच. आणि २०२४ ला मिनेसोटाचा जे. जे. मॅकार्थी पहिल्या प्रीसीझन मॅचमध्ये खेळला आणि गुडघ्याचा मेनिस्कस फाटला, आख्खा सीझन गेला, सॅम डार्नोल्डच्या हातात टीम आली आणि ती १४-३ झाली.

वहीत गैरहजेरी लिहिताना तारीख महत्त्वाची. जुलैमध्ये पाच दिवस बुडाले तर तोटा कमी, १० ते २० ऑगस्टमध्ये बुडाले तर जवळपास निकाल. दुसरं, दुखणं कुठलं आहे ते बघा. पोटरी आणि मांडीचे स्नायू बरे झाले म्हणतात आणि परत धरतात. रसेल विल्सनला २०२४ ला पिट्सबर्गच्या कॅम्पच्या अगदी सुरुवातीला कंडिशनिंग टेस्टमध्येच पोटरी धरली, पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

मॅच आणि जॉइंट प्रॅक्टिस

दोन टीम्स एकत्र प्रॅक्टिस करतात त्याला माझ्या हिशोबात प्रीसीझन मॅचच्या दुप्पट वजन. तिथे दोन्हीकडचे खरे स्टार्टर समोरासमोर असतात, डिफेन्स अनोळखी असतो, आणि कोच ठरवून हवी ती परिस्थिती लावतात, आज थर्ड डाउन (चार प्रयत्नांपैकी तिसरा), उद्या रेड झोन. मॅचमध्ये डिफेन्स काही दाखवत नाही, साधं सरळ खेळतात, चांगले खेळाडू टोपी घालून बाजूला उभे असतात. प्रीसीझनच्या निकालाची लायकी किती, तर २००८ चे डेट्रॉइट लायन्स आणि २०१७ चे क्लीव्हलँड ब्राउन्स, दोघंही प्रीसीझनमध्ये ४-०, आणि सीझनमध्ये दोघंही ०-१६.

तरी मॅच बघायची असेल तर यार्ड सोडून द्या. कितव्या क्वार्टरमध्ये आला, समोर स्टार्टर होते की ज्यांना पुढच्या आठवड्यात घरी पाठवणारेत ते, थर्ड डाउनला काय केलं, आणि पहिलं वाचन, म्हणजे पास कोणाला द्यायचा हा पहिला अंदाज, चुकल्यावर घाबरून पळाला का. आणि सगळ्यात आधी, ही मॅच सुरू कोणी केली. दुसऱ्या मॅचचा स्टार्टर म्हणजे निम्मा निकाल असं धरायला हरकत नाही. २०२५ ला इंडियानापोलिसची दुसरी मॅच जोन्सने सुरू केली, तीन दिवसांनी नाव जाहीर.

कोचचं बोलणं

‘दोघंही छान करताहेत’, ‘रोजचा रोज बघतोय’, ‘घाई नाही’, हे सगळं कोरं पान. कोच एका खेळाडूच्या बाबतीत गुण सांगतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत प्रगती सांगतो, तेव्हा कान टवकारा, कारण प्रगती हा शब्द ज्याला अजून वेळ लागणार आहे त्याच्यासाठी असतो. जबाबदारीने खेळला, बॉल सांभाळला असं कोणाबद्दल दोनदा-तीनदा आलं तर तो पुढे आहे. पण मेयोचा किस्सा विसरू नका, बोलणं आणि प्रॅक्टिसमधली वाटणी यांत फरक पडला तर वाटणी खरी धरायची.

आता आकडा लावा

दर रविवारी बसून टक्के लिहा, नुसतं ‘मला वाटतं’ नको. इंडियानापोलिसचं मी असं लावलं असतं: कॅम्पच्या पहिल्या दिवशी ५०-५०, वाटणी समान आणि दोघांमागे टीमचा पैसा. पहिल्या मॅचनंतर जोन्स ५५, बोट निखळलं म्हणून, पण दुखापत छोटी होती म्हणून पाचच. दुसरी मॅच जोन्सला दिल्यावर ७०. मधल्या काळात लाइनवरच्या कामाबद्दल चांगलं लिहून येत राहिलं असतं तर ७५. एखाद्या दिवसाच्या १८ पैकी १४ साठी मी एक टक्काही हलवला नसता. ९० च्या वर जाहीर होईपर्यंत जायचंच नाही, कोच लोक शेवटच्या दिवशीही लहर बदलतात.

आणि दुसरा आकडा पण लावा, जो जिंकेल तो किती आठवडे टिकेल. फँटसीवाल्यांना हाच जास्त कामाचा. २०२२ ला पिट्सबर्गमध्ये मिच ट्रुबिस्की जिंकला, चौथ्या आठवड्याच्या हाफटाइमला जेट्सविरुद्ध केनी पिकेट आत आला. २०२२ ला कॅरोलायनात मेफिल्ड जिंकला, कोच मॅट रूल ऑक्टोबरमध्ये गेला, डिसेंबरमध्ये मेफिल्डलाही सोडलं, आणि सीझन संपवला हरलेल्या सॅम डार्नोल्डने. २०२५ ला फ्लॅको चार मॅच, पाचव्या आठवड्यात लंडनला गेब्रियल. ज्याच्या मागे पहिल्या-दुसऱ्या फेरीतला रूकी बसलाय किंवा ज्याचा करार एका वर्षाचा आहे त्याला मी सहा आठवड्यांच्या पुढे धरत नाही. जोन्ससारखी टीमच जिंकायला लागली तर गोष्ट वेगळी, जिंकणाऱ्या क्वार्टरबॅकला कोणी हात लावत नाही.

नाव जाहीर झालं की बहुतेक जण वही मिटतात, तुम्ही अजून दहा दिवस उघडी ठेवा. विल्सनला पिट्सबर्गने २८ ऑगस्ट २०२४ ला स्टार्टर केलं, पहिल्या मॅचच्या आठवड्यात प्रॅक्टिसमध्ये तीच पोटरी परत धरली आणि अटलांटाला जस्टिन फील्ड्स उतरला. एक नाही, सलग सहा मॅच, त्यातल्या चार जिंकला. सीझन सुरू झाला की पत्रकारांना प्रॅक्टिसचा फक्त सुरुवातीचा भाग बघायला मिळतो, त्यामुळे रेप्स मोजणं बंद, पण बुधवार, गुरुवार, शुक्रवारची इंज्युरी लिस्ट रविवारी खेळणाऱ्या सगळ्या टीम्सना द्यावीच लागते. त्यात तुमच्या माणसाच्या पुढे बुधवारी फुल आणि गुरुवारी लिमिटेड असं उलटं दिसलं तर लगेच बॅकअप घेऊन ठेवा. न खेळणाऱ्यांची शेवटची यादी किकऑफच्या ९० मिनिटं आधी येते, ईस्टर्न १ वाजताच्या मॅचसाठी सप्टेंबरमध्ये आपल्याकडे रात्री ९ ला, आणि फँटसीचा लाइनअप लॉक व्हायला तेव्हा अजून दीड तास असतो.